काकूला मी शिबिराच्या दारातून परत पाठवलं

आरोग्य शिबिराच्या दिवशी वस्तीची कार्यकर्ती म्हणून शाळेच्या फाटकात उभी राहून मी प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारत होते. "पिशवी हाय का काढली?"

हाय म्हणाली की डावीकडं, वर्गात. काढली म्हणाली की उजवीकडं, घरी.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. आमच्याकडं वाटत नाही. तिशीच्या आत गर्भाशय काढून बसलेल्या बाया आमच्या प्रत्येक वस्तीवर आहेत. उसाच्या फडात पाळी आली, पोट दुखलं, अंगावरून गेलं, तरी मोळी उचलावीच लागते. मग कुणीतरी सांगतं, काढून टाक, कटकट मिटेल. तर रांग मोठी होती, नर्सबाई एकच होत्या, दिवसही एकच. वेळ वाचावा म्हणून दारातच चाळणी लावायची ही कल्पना माझी. नर्सबाई म्हणाल्या, "बरं केलंस बाई, निम्मी गर्दी हटली." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

तपासणी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची होती. आत फार काही करत नाहीत. व्हिनेगरसारखं औषध कापसानं लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का बघतात. हा कॅन्सर घाईचा नाही. कित्येक वर्षं तो नुसता डाग म्हणून बसून राहतो. त्या वर्षांत कुणी बघितलं तर बाई वाचते. नाही बघितलं तर मरते. यात न समजण्यासारखं काहीही नाही, म्हणून मला जास्त राग येतो.

आणि शिबिर दसऱ्याच्या आधी व्हावं म्हणून मी दोन महिने भांडले होते. त्याआधीची शिबिरं सगळी जानेवारीत झाली. जानेवारीत आमची मेंढक्यांची वस्ती रिकामी, पलीकडचा लमाण तांडा रिकामा, बाया उसात. रिकाम्या वस्तीवर शिबिर घ्यायचं आणि वर 'प्रतिसाद अल्प' असं लिहायचं. मी आरोग्य खात्याच्या साहेबांच्या टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, आमच्या बाया घरी असतील तेव्हा या. ते आले. मी बायांना घरोघरी जाऊन उठवून आणलं. आणि दारात उभी राहून परत पाठवलं.

त्यात माझी काकू होती.

काकू म्हणजे माझी चुलती. आई-बाप उसाला जायचे तेव्हा वर्षातले सहा महिने मी तिच्याकडं असायचे. चकलांब्याच्या रस्त्याला आमची वस्ती, तिथं काका-काकूची मेंढरं. मला भाकरी खायला आणि शिव्या द्यायला तिनंच शिकवलं. एका दुष्काळात चारा संपला, मेंढरं विकावी लागली आणि तीन हंगाम तीही उसाला गेली. तिसऱ्या हंगामाहून आली ती अंगावर पांढरं जातंय म्हणत. बाजाराच्या गावात एक खासगी दवाखाना होता. मी आठ वर्षांची होते, बाहेरच्या बाकावर बसलेले. डॉक्टर काकाला सांगत होता, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. काका गडबडून म्हणाला, "मंग काढा सायब." काकू अठ्ठावीस वर्षांची होती.

नंतर पुन्हा मेंढरं झाली. काकू गुडघ्याला, कमरेला हात लावत चालू लागली, पण कॅन्सर टळला म्हणून ती त्या डॉक्टरला दुवा द्यायची.

शिबिराच्या रांगेत ती आली ती डोक्यावर पदर घट्ट ओढून. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "माझी काढलीय. तुला ठावंच हाय."

"मग घरी जा की काकू. ऊन लागंल."

ती गेली नाही. माझ्या जवळ सरकून हळू म्हणाली, "आगं, पिशवी काढली, पन तोंड? मेंढीची पिशवी येगळी आन तोंड येगळं असतंय. अडली म्हंजी आमी हात घालून बघतो की. त्यानं तोंड बी काढलं आसंल का?"

मी मोठ्यानं म्हटलं, "काकू, तू काय मेंढी हायस का?"

रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "बें बें कर की गं मावशे!" पुन्हा हसू. काकूनं पदर नीट केला, "जाते बाय, तुझं काम चालू दे," म्हणाली आणि फाटकाच्या बाहेर पडली.

अर्ध्या तासानं गावातल्या शिक्षिकाबाई आल्या. मला चौथीला शिकवणाऱ्या. देशमुख गल्लीत घर, नवऱ्याची औषधांची एजन्सी. मी उठून उभी राहिले, खुर्ची पुढं केली. त्या म्हणाल्या, "माझी पिशवी काढलीय हो मागंच, पण म्हटलं आलेच आहे तर बघून घ्यावं." मी म्हटलं, "या ना मॅडम, बघू की." आणि स्वतः त्यांना आत घेऊन गेले. नर्सबाईंनी तपासलं. दहा मिनिटांत त्या बाहेर आल्या, हसत. काही नव्हतं.

हे लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहायचंच आहे. चाळणी एक, दार एक, दारात मी. दोघींची पिशवी काढलेली. एकीला खुर्ची, एकीला टोमणा. आजार जात विचारत नाही असं सगळे भाषणात म्हणतात. मीसुद्धा म्हटलंय, माईकवर, टाळ्या घेत. आजार नसेल विचारत. दारातला माणूस विचारतो. आणि मला तोंडानं विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. मेंढक्याच्या घरात वाढलेली मी, मला आतून माहीत होतं कुणापुढं उठायचं आणि कुणाला घरी पाठवायचं.

अजून एक आहे. शिबिराचं पत्रक मी लिहिलं होतं. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलेलं माझ्या वहीत आजही आहे: 'पिशवी तोंडासकट पूर्ण काढली असेल आणि ती कॅन्सरसाठी काढली नसेल, तर सहसा तपासणी लागत नाही. खात्री नसेल तर तपासावं.' पत्रकात वाक्य छोटं असावं, लोकांच्या तोंडात बसावं, असं आम्हाला शिकवलेलं. मी छोटं केलं. 'पिशवी काढलेल्यांना तपासणीची गरज नाही.' एका ओळीत बसलं. मोठ्या टायपात छापलं.

पुढचं दीड वर्ष काकूनं काही सांगितलं नाही. आधी मेंढरांमागं चालून आलं की लाल डाग दिसायचा. मग रोज. ती म्हणायची उष्णता झाली. सब्जा भिजवून प्यायची, कोथिंबिरीचं पाणी प्यायची. तिच्या डोक्यात हिशेब सरळ होता आणि तो मीच पक्का केला होता: पिशवीच नाही, तर तिथलं दुखणं येईल कुठून? चैत्रात एकदा मी गेले तर ती ओट्यावर उशाला गोधडी घेऊन भरदुपारी पडलेली. दुपारी निजलेली काकू मी जन्मात बघितली नव्हती. जवळ बसले आणि वास आला. पालापाचोळा कुजल्यासारखा. ती लगेच लांब सरकली.

"काकू, हे कधीपासून?"

"जाऊ दी ना. बाईला आसतंयच काय बाय."

काका दारात उभा होता. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मला बी न्हाई सांगितलं तिनं. मी म्हनायचो, जवळ कावून येऊ देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी एसटीनं संभाजीनगर. मोठा सरकारी दवाखाना. तिथल्या व्हरांड्यात आम्ही सात दिवस काढले आणि मी एक गोष्ट बघितली जी कुठल्याही पत्रकात घातली नव्हती. आत, तपासणीच्या खोलीबाहेर, लवकर आलेल्या बाया होत्या. पर्स मांडीवर, फाईल हातात, सोबत मुलगा नाहीतर सून. आणि शेकाच्या, म्हणजे किरणांच्या उपचाराच्या, खोलीबाहेर, फरशीवर, आमच्यासारख्या. तिथं मराठी कमी ऐकू यायची. लमाणी, पारधी, भिल्लांची बोली, मुसलमान बायांची दखनी. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण वास येत असल्याची लाज सगळ्यांना सारखीच येत होती. प्रत्येकीनं नाकावर नव्हे, मांडीवर पदर घट्ट धरलेला. कोण उशिरा येतं ते बघायला कागद लागत नाही. त्या फरशीवर बसलं की कळतं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी काकूला तपासलं आणि मला बोलावून विचारलं, "ऑपरेशनचा कागद आहे का?"

होता. काकूनं तो प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीच्या तळाशी सोळा वर्षं जपला होता. सोबतच आणलेला. इंग्रजीत होता. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी एकटी मी, आणि मी तो कधी मागितलाच नव्हता. डॉक्टरांनी वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक घट काढला, खाली निमुळतं तोंड.

"हा वरचा भाग काढलाय," त्यांनी घटावर काट मारली. "हे तोंड तसंच ठेवलंय. कॅन्सर तोंडाला आहे."

काकू स्टुलावरून वाकून चित्र बघत होती. म्हणाली, "मेंढीचं बी आसंच आसतंय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कुणी तपासायला सांगितलं नाही का कधी?"

काकूनं माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. म्हणाली, "न्हाई बाय. आमाला कोन सांगतंय."

खोलीच्या बाहेर जिन्यात मी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, दीड वर्षापूर्वी बघितलं असतं तर? त्या दमलेल्या होत्या. "बहुतेक दिसलं असतं," म्हणाल्या. "आता आजूबाजूला पसरलाय. शेक देऊ. त्रास कमी होईल." त्रास कमी होईल याचा अर्थ प्रशिक्षण घेतलेल्या बाईला कळतो.

शेक झाले. उन्हाळा गेला. रक्त थांबलं आणि काकू आठ-दहा आठवडे बरी दिसली. कोकरांना हातानं पाला चारायची. वस्तीला वाटलं उठली. मी नवं पत्रक काढलं आणि त्यातली ती ओळ गुपचूप दुरुस्त केली. 'तोंडासकट' हा शब्द घातला. कुणाला सांगितलं नाही की आधीची चूक होती. त्या दिवशी दारातून परत पाठवलेल्या बाया तेव्हा सगळ्या वस्तीवर होत्या. सहा महिने होत्या. मी रोज त्यांच्या दारांवरून जात होते, चहा पीत होते. एकीलाही म्हटलं नाही. दुसऱ्याची चूक दिसली की मी फलक रंगवते. आपली असली की टाइप बदलते.

दसरा झाला, टोळ्या गेल्या, वस्ती रिकामी झाली. काकूचं दुखणं परत आलं, या वेळी कमरेतून पायात. ती पडूनच असायची. एक दिवस तिचे केस विंचरताना मी सांगितलं. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मागून.

"काकू, त्या दिवशी तू बरोबर बोललीस. मी चुकले. तुला आत घेतलं असतं तर..."

मला वाटलं शिवी देईल. मला शिवी हवी होती.

"तू घरी जा म्हन्लीस तवा बरंच वाटलं मला," ती म्हणाली. "लाज वाटत व्हती आत जायाची. तू सोडलंस म्हनून सुटले."

मी रडायला लागले.

"रडू नगंस. हसलीस त्येवडं नव्हतं हसायचं. चार बायांत." मग विचारलं, "दुसऱ्या बायांला सांगितलंस का?"

"पत्रकात दुरुस्त केलंय."

"त्यांला वाचता येतं व्हय?"

मी पुन्हा कंगवा फिरवायला लागले.

"माझं नाव घिऊन सांग," ती म्हणाली. "पिशवी काढून बी हिला झाला म्हनून सांग. मला आता कसली लाज राह्यलीय."

मी गेले. पश्चिमेकडच्या एका कारखान्याच्या रानात आमच्या वस्तीची टोळी उतरली होती. उसाच्या पाचटाच्या कोप्या, एकीला लागून एक. बाया फडावरून दुपारी तीनला आल्या, अंगाला पाचटाची कुसळं. मी सगळं सांगितलं, काकूचं नाव घेऊन, माझी चूक चूक म्हणून. कुणी ओरडलं नाही. एक हात धुता धुता म्हणाली, "म्हंजी आमची बी आर्धीच काढलीय?" दुसरी म्हणाली, "तवा तर म्हन्लीस गरज न्हाई. आता म्हन्तीस हाय. उद्या काय म्हन्शील?" मुकादमानं लांबून विचारलं, "काय मीटिंग हाय गं?" आणि सगळ्या उठल्या. पट्टा पडल्यावर बघू म्हणाल्या. पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. अजून चार महिने होते.

परत आले तेव्हा काकूचा आवाज बसलेला होता. कान जवळ न्यावा लागायचा.

"किती जनी गेल्या?"

"पट्टा पडल्यावर जातो म्हणाल्या."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर खरी चिडली. मान उचलायला बघत होती, जमेना. "पट्टा पडस्तोवर? मंग तू परत कावून आलीस? तितंच बसायचं. बाया आशा एका सांगन्यानं उठत आस्त्यात व्हय? मी उठले आस्ते का?"

काका म्हणाला, "आगं, पोरगी तुझ्यासाठी आली."

"मला काय करायचीय ती," काकू म्हणाली. "जा म्हनावं."

मला राहायचं होतं. दिवस किती उरलेत ते दिसत होतं. मी तिच्या पायाशी सकाळपर्यंत बसले, मग पहिली एसटी धरली. निघताना ती जागी होती का झोपलेली, मला कळलं नाही. मी हाक मारली नाही. मारली असती आणि तिनं थांब म्हटलं असतं, तर मी थांबले असते.

कोप्यांवर मी नऊ दिवस राहिले. या वेळी काही सांगितलं नाही. मोळ्या बांधायला मदत केली, चुकीच्या बांधल्या म्हणून बायांना हसू दिलं, पोरं सांभाळली. सातव्या दिवशी एक बाई आपण होऊन म्हणाली, मला बी जातंय, वर्ष झालं. तिच्या जावेनं कान दिला आणि तीही म्हणाली, चल, मी पण येते. मुकादमाशी भांडण झालं ते इथं लिहीत नाही, त्याच्यावर वेगळं लिहायचंय आणि ते नाव-गावासकट लिहायचंय. नवव्या दिवशी त्या दोघींना घेऊन मी निघाले.

काकू आदल्या दिवशी सकाळी गेली होती. माझा फोन कोपीत चार्जिंगविना पडलेला, म्हणून कळलं नाही. एसटीतून उतरले तेव्हा आमच्या उमापूरच्या फाट्यावर काका एकटाच उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या दोघींकडं.

"मातीला लई थांबलो तुझ्यासाठी," तो म्हणाला. "मंग न्हाई थांबता आलं." आणि त्या बायांना म्हणाला, "चला, आदी घरी चला. भाकरी खावा. मंग जावा तिकडं."

घरी त्यानंच पाणी दिलं. त्या दोघी काकूच्या रिकाम्या जागेपुढं बसून रडल्या आणि मग भाकरी खाल्ली. मला खाता आलं नाही. दुपारी आम्ही संभाजीनगरला निघालो. तपासणीच्या खोलीत या वेळी मी दोघींच्याही सोबत आत गेले, बाहेर थांबले नाही.

जावेचं तोंड साफ निघालं. दुसरीचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. ती सध्या काकाच्या घरी राहते, मेंढरांना पाणी दाखवते आणि रोज विचारते, कागद आला का. अजून आलेला नाही.